वायफाय लगेच लागलं, पण मला विचारलं कुणी?

अर्धा_कप

मागच्या रविवारी मावशीच्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सची एक सिस्टिम) टाकलं. आधीची सिस्टिम इतकी रडतखडत चालायची की चहा टाकून यावं तरी डेस्कटॉप आलेला नसायचा. पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, समोर वायफायची यादी आली, पासवर्ड टाकला, झालं. तासाभरात मावशी कीर्तन ऐकत बसली होती.

आता यात रडायचं काय, तर सांगतो. मी २०१५ पासून डेबियन वापरतोय आणि तेव्हा नेमकी याच जागी एक स्क्रीन यायची, की तुमच्या हार्डवेअरला नॉन-फ्री फर्मवेअर लागतंय, फाइलचं नाव अमुक, पेनड्राइव्हवरून किंवा फ्लॉपीवरून द्या. फ्लॉपी!! मग शेजाऱ्याच्या कंप्युटरवरून ती डॉट-यूकोड फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर टाकायची, येऊन यस दाबायचं, आणि फाइल चुकीच्या फोल्डरमधे टाकली असली की तीच स्क्रीन पुन्हा हजर. शिव्या भरपूर घातल्यात. पण एक होतं, मला कळायचं तरी. या मशीनमधे असा एक तुकडा जातोय ज्याचा सोर्स (मूळ कोड) कंपनीशिवाय कुणाकडे नाही, आणि तो मी माझ्या हाताने आत घालतोय.

यावेळी काही कळलंच नाही. नंतर सहज सोर्सेस-लिस्ट (पॅकेजं कुठल्या कप्प्यांतून घ्यायची ती यादी) उघडली तर मेन या मुख्य कप्प्याच्या शेजारी नॉन-फ्री-फर्मवेअर लिहून तयार. मी लिहिलेलं नाही, मावशीने तर नाहीच नाही.

तर प्रश्न असा, की ओपन सोर्स सिस्टिम म्हणते कुठल्या लायसन्सचं काय मशीनवर घ्यायचं ते ठरवायचा हक्क वापरणाऱ्याचा. मग तो हक्क द्यायचा म्हणजे नक्की कधी विचारायचं, कुठे विचारायचं, आणि कुठल्या भाषेत? जाणकारांनी प्रकाश टाकावा. कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा अवतार) भारी यावर मारामारी नको.

(कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीतच लिहितोय, मोबाईलवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो. बाकीच्यांनीही तेच करा, धागा एकसारखा दिसेल.)

बोरीवली_स्लो

मावशींना कीर्तन ऐकू आलं ना? मग विषय संपला की.

सौ_कर्सर

फार बेसिक प्रश्न विचारते, हसू नका. फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हरच ना? आणि फुकट मिळतंय तर नॉन-फ्री कसं?

काळी_स्क्रीन

@सौ_कर्सर, हसायचं काय त्यात, निम्म्या लोकांना हे माहीत नसतं आणि ते विचारतही नाहीत.

वायफायची चिप म्हणजे स्वतःच एक चिमुकला कंप्युटर असतो. बऱ्याच चिपांची पाटी चालू होताना कोरी असते. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर चालतो आणि दर बूटला एक फाइल त्या चिपमधे ओततो, ती फाइल म्हणजे फर्मवेअर. इंटेलच्या वायफायचंच घ्या, ड्रायव्हर कर्नलमधे (सिस्टिमच्या गाभ्यात) आहे, जीपीएल या मुक्त लायसन्सचा आहे, कुणीही वाचा. फाइल मात्र कंपनीची. कंपनी म्हणते वाटा खुशाल, पण आत काय आहे ते उकलू नका आणि बदलू नका. म्हणून फुकट आहे पण मुक्त नाही. इंग्रजीत फ्री या एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यामुळे तिकडे तीस-चाळीस वर्षं वाद चाललाय, आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन सरळ शब्द आहेत तरी आपणही फ्रीच म्हणतो, असो.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. डेबियनने १९९७ च्या जुलैत सामाजिक करार केला. पहिलंच कलम, डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. पण त्याच करारात पाचवं कलम असंही आहे की काही लोकांना मुक्त नसलेल्या गोष्टी लागतात, त्यांच्यासाठी कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री असे वेगळे कप्पे ठेवतो, ते कप्पे डेबियनचा भाग नाहीत. म्हणजे ओसरी आमची, पण ओसरीवर बसलेला आमच्या घरचा नाही, अशातलं.

आधी कर्नलच्या आतच बरीच फर्मवेअर मिसळलेली असायची. २०११ च्या फेब्रुवारीत ६ नंबरचं स्क्वीझ आलं तेव्हा ती सगळी उपसून नॉन-फ्रीमधे टाकली. तत्त्वाला धरून झालं, पण तुझी ती फ्लॉपीवाली स्क्रीन लोकांच्या वाट्याला जास्त यायला लागली ती तिथून पुढे. फर्मवेअर आत असलेली इमेज (पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलरची फाइल) तेव्हाही होती बरं का! डेबियनच्याच सर्व्हरवर, अनऑफिशियल नावाच्या फोल्डरच्या आत, नॉन-फ्री नावाच्या फोल्डरच्या आत. ज्याला माहिती त्याला सापडायची. नवा माणूस पहिल्या पानावरची इमेज उतरवायचा, वायफाय लागत नाही म्हणून दुसरं डिस्ट्रो टाकायचा, परत फिरकायचा नाही.

शेवटी इमेज बनवणाऱ्या टीममधल्या स्टीव्ह मॅकिंटायरने २०२२ मधे विषय मतदानाला नेला. पर्याय बरेच होते, दोन इन्स्टॉलर शेजारी शेजारी ठेवा असाही एक होता. निवडून आला तो असा, इन्स्टॉलर एकच, फर्मवेअर आतच, आणि त्यासाठी कराराच्या पाचव्या कलमात एक वाक्य वाढवायचं. करार बदलायचा तर साधं बहुमत चालत नाही, तीनास एक लागतं, ते मिळालं. १० जून २०२३ ला १२ आलं ते या नव्या पद्धतीने.

आणि विचारलं नाही हे अर्धंच खरं आहे. इन्स्टॉलरच्या बूट मेनूत ओळ एडिट करून फर्मवेअर बरोबर (=) नेव्हर लिहिलं की तो एकही फाइल घालत नाही.

अर्धा_कप

@काळी_स्क्रीन दंडवत घ्या, इतकं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं. पण बूट मेनूत कळ दाबून इंग्रजी ओळीच्या शेवटी हाताने टाइप करायचं, याला पर्याय म्हणायचं का? हे म्हणजे घराला मागचं दार आहे, फक्त ते माळ्यावर उघडतं.

गोटीसोडा

माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, क्षमस्व.

मारामारी नको म्हणालात तरी जेंटूचं (पॅकेजं आपल्याच मशीनवर कंपाइल करणारं डिस्ट्रो) नाव काढावंच लागतंय, कारण लायसन्सची निवड सेटिंग म्हणून नीट बसवलेली मी तरी तिथेच पाहिली. डेबियनमधे कप्पे आहेत, कप्पा उघडा नाहीतर बंद. जेंटूत कप्पेच नाहीत. प्रत्येक पॅकेजच्या माहितीत त्याचं लायसन्स लिहिलेलं असतं आणि तुमच्या मेक-कॉन्फ फाइलमधे ॲक्सेप्ट-लायसन्स नावाची एक ओळ असते. त्या ओळीत तुम्ही लिहायचं मला काय काय मान्य आहे. एकेक लायसन्स लिहित बसायची गरज नाही, गट केलेले आहेत. फ्री नावाचा गट, बायनरी-रीडिस्ट्रिब्युटेबल म्हणजे सोर्स नाही पण वाटायला हरकत नाही असा गट, युला म्हणजे करार वाचून मान्य करावा लागतो तो गट. सगळी लायसन्स साध्या टेक्स्ट फाइली म्हणून रिपॉझिटरीतल्याच एका फोल्डरमधे पडलेली असतात, कुठलंही उघडून वाचा.

वायफायचं उदाहरण चाललंय तर तेच. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज इमर्ज (इन्स्टॉल) करायला गेलं की पोर्टेज (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) थांबतो आणि सांगतो, लायसन्समुळे अडलंय, नाव अमुक. मग इटीसी-पोर्टेजमधल्या पॅकेज-लायसन्स फाइलमधे एक ओळ लिहायची, पॅकेजचं नाव आणि पुढे लिनक्स-एफडब्ल्यू-रीडिस्ट्रिब्युटेबल आणि नो-सोर्स-कोड. तो दुसरा शब्द बघा! लायसन्सच्या जागी चक्क 'सोर्स नाही' असं लिहून ठेवलंय आणि तो शब्द तुम्ही तुमच्या बोटांनी टाइप करता. त्या एकाच पॅकेजपुरती सूट. बाकीचं दार बंदच. वर्षाने ती फाइल उघडा, कुठे कुठे तडजोड केलीय त्याची वहीच तयार.

ही कल्पना २००४ च्या एका प्रस्तावातली, ग्लेप २३. प्रत्यक्ष यायला मधे काही वर्षं गेली. आणि आणखी एक, सुरुवातीला डीफॉल्ट होतं 'युला सोडून सगळं मान्य'. २०१९ च्या मे मधे ते उलटं केलं, 'फक्त मुक्त ते मान्य'. यंत्रणा तीच, ओळ तीच, फक्त कोऱ्या मशीनवर काय गृहीत धरायचं ते बदललं.

बोरीवली_स्लो

आणि ती कोरी मशीन उभी करायला दोन दिवस कंपाइल चालू. मावशी तेवढ्यात हरिद्वारला जाऊन आली असती. (ह.घ्या.)

गंमत सोडा, माझा मुद्दा खरा आहे. प्रश्न विचारला म्हणजे निवड दिली असं होत नाही. दहा प्रश्न विचारा, माणूस दहा वेळा हो म्हणेल आणि वरून सही करेल की मी वाचलंय.

पाटी_पेन्सिल

+१ बोरीवली. मी तालुक्याच्या ठिकाणी कंप्युटर शिकवते, लॅबमधे उबुंटू आहे. डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

मुलांना नोकरीच्या अर्जासाठी टाइम्स आणि एरियल हवे होते, म्हणून एमएसकोअरफॉन्ट्सचं (मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टांचं) इन्स्टॉलर पॅकेज टाकायला लावलं. टर्मिनलमधे मधेच जांभळी स्क्रीन येते, त्यात लांबलचक इंग्रजी करार आणि खाली मधोमध ओके. मुलांनी एंटर दाबला, काही नाही. परत दाबला, काही नाही. माऊसने ओकेवर क्लिक केलं, काही नाही. एकाने तर एंटर दाबून धरला. खुबी अशी की आधी टॅब दाबायचा, मग ओके लाल होतो, मग एंटर. हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. सतरापैकी अकरा जणांनी खिडकीच बंद केली, मग पुढचं प्रत्येक इन्स्टॉल लॉक लागलंय म्हणून अडून बसलं, तो दिवस त्यातच गेला. करार एकानेही वाचला नाही हे सांगायला नकोच. मीही नाही, त्या दिवशी रात्री घरी वाचला.

वाचल्यावर कळलं की त्या फॉन्टांच्या मूळ ईएक्सई फाइली जशाच्या तशा वाटायलाच परवानगी आहे, उघडून आपल्या पॅकेजात भरायला नाही. म्हणून ते पॅकेज म्हणजे नुसता हमाल, फॉन्ट बाहेरून उतरवून तुमच्या मशीनवर उघडतो. मग ती स्क्रीन का येते ते समजलं. पण ते मला दोन ओळीत मराठीत सांगितलं असतं तर?

पुढचा विनोद ऐका. अर्धी मुलं ते पॅकेज टाकत होती ती मंगल फॉन्ट येईल म्हणून, कारण सरकारी नमुने सगळे मंगलमधे. मंगल त्यात नाहीच! तो विंडोजबरोबरच येतो. इकडे त्याच फाइली लोहित नाहीतर नोटोमधे उघडतात, ओळी सरकतात, एका पानाचा अर्ज सव्वा पानाचा होतो. शेवटी मुक्ता टाकून दिला सगळ्यांना, मुंबईच्या एक टाइपचा, ओपन फॉन्ट लायसन्सचा, कुणाला काही विचारायला नको. सव्वा पान मात्र सव्वाच राहिलं.

निम्मा_वेळ

निक्सओएसवाला (हेही एक डिस्ट्रो) इथे. आमच्याकडे पण अडवतात. मुक्त नसलेलं काही मागितलं की सरळ एरर, 'याचं लायसन्स अनफ्री आहे, पुढे जात नाही', आणि खाली तीन-चार उपाय. त्यात पॅकेजांची नावं घालून तेवढ्यांनाच परवानगी द्यायचा प्रेडिकेट आहे, तो चांगला. पण लोक काय करतात? त्यातला सगळ्यात सोपा तो, अलाउ-अनफ्री बरोबर ट्रू, चिकटवला, झालं, आयुष्यात परत विचारणार नाही. मीही तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू. ज्या घाईच्या वेळी प्रश्न येतो तेव्हा माणूस सगळ्यात मोठं दार उघडतो.

गोटीसोडा

@निम्मा_वेळ, @बोरीवली_स्लो, म्हणूनच तर गट. शांतपणे बसून एकदा धोरण ठरवायचं, मग मशीनने फक्त अपवादाला तोंड उघडायचं. रोज विचारणं आणि कधीच न विचारणं, दोन्हीत मालक बाहेरच राहतो.

काळी_स्क्रीन

अवांतर, पण राहवत नाही. नॉन-फ्रीच्या कप्प्यात सगळे बदमाश बसलेत असं समजू नका. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचं मॅन्युअल तिथे आहे. हो, खुद्द ग्नूच्या (मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या मूळ प्रकल्पाच्या) ईमॅक्सचं. त्या मॅन्युअलला ग्नूचंच डॉक्युमेंटेशन लायसन्स आहे आणि त्यात काही प्रकरणं 'बदलायची नाहीत' म्हणून राखीव ठेवलीत, त्यातलं एक म्हणजे ग्नूचा जाहीरनामा. डेबियनने २००६ मधे मतदान करून ठरवलं, राखीव प्रकरणं नसतील तर हे लायसन्स मुक्त, असतील तर नाही. त्यामुळे डेबियनवर ईमॅक्स टाका, मदतीत जाऊन मॅन्युअल शोधा, मिळत नाही. ते मिळवायला नॉन-फ्री उघडावं लागतं, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायचा तर शेजारी अनरार (आरएआर फाइली उघडणारं) आणि बंदिस्त ग्राफिक ड्रायव्हर मांडी घालून बसलेले.

अर्धा_कप

हे वाचून माझ्या डोक्यात जे अर्धवट होतं ते जुळलं बघा. मला राग विचारलं नाही याचा नव्हताच बहुतेक. राग या पोत्याचा आहे. वायफायची फाइल, ईमॅक्सचं मॅन्युअल, अनरार, ग्राफिकचा ड्रायव्हर, यांच्या लायसन्समधे काडीचं साम्य नाही, आणि आपल्याला विचारतात पोतं हवं का नको. हो म्हटलं तर सगळं, नाही म्हटलं तर वायफाय पण नाही. फर्मवेअरचं वेगळं पोतं केलं हे बरंच झालं, आता निदान वायफायसाठी बाकीचा बाजार उघडावा लागत नाही, पण त्या लहान पोत्यातही तेच. मला म्हणता यायला हवं की वायफायचं चालेल, बाकीचं नको.

काळी_स्क्रीन

येतं की म्हणता. ॲप्टच्या (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरच्या) प्रेफरन्सेसमधे दोन परिच्छेद लिही. एक, नॉन-फ्री-फर्मवेअर या कप्प्यातल्या सगळ्या पॅकेजांना प्राधान्य उणे एक. दुसरा, फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय या नावाला पाचशे. नाव घेऊन लिहिलेला नियम सरसकट नियमाच्या वर चालतो. झाली तुझी जेंटूसारखी वही. आत्ता काय काय बसलंय ते बघायला चेक-डीएफएसजी-स्टेटस चालव. याचं आधीचं नाव व्हीआरएमएस, म्हणजे व्हर्च्युअल स्टॉलमन (ग्नू सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन), तुमच्या मशीनवरच्या मुक्त नसलेल्या गोष्टी मोजून दाखवायचा.

अर्धा_कप

केलं! टीमव्ह्यूअर वगैरे काही नको, फोनवर मावशीला एकेक अक्षर सांगत केलं, पाऊण तास लागला. यादीत तीन नावं आली, वायफायचं ठेवलं, बाकी दोन पर्ज (पूर्ण काढून टाकली). मस्त वाटतंय.

अर्धा_कप

मावशीचा फोन आला. आवाज गेला. सेटिंगमधे स्पीकरच्या जागी डमी आउटपुट दिसतंय. कीर्तन मुकं झालंय आणि मी बोलणी खातोय.

बोरीवली_स्लो

विषय संपला होता म्हणून सांगत होतो.

काळी_स्क्रीन

बाकीची दोन नावं काय होती ते आधी इथे टाकायचं ना रे. फर्मवेअर-सॉफ-साइन्ड आणि इंटेल-मायक्रोकोड असणार. दोन्ही परत टाक.

सॉफ म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर. नवीन इंटेल लॅपटॉपांत आवाजासाठी वेगळा प्रोसेसर असतो, त्याचं हे. आणि गंमत अशी की याचा सोर्स खुला आहे. बीएसडी लायसन्स, कुणीही उतरवा, बदला, कंपाइल करा. पण बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपांतली चिप इंटेलची सही असलेलीच फाइल घेते. तू घरी कंपाइल केलेली अगदी तस्सी असली तरी सही नाही म्हणून ती दारातच उभी. म्हणून डेबियनने सही केलेली फाइल मुक्त कप्प्यात ठेवली नाही. कागदावरचं लायसन्स मुक्त, आणि तरी तुला बदलायची सोय नाही.

मायक्रोकोड (प्रोसेसरचंच फर्मवेअर) काढलास हे तर फारच वाईट. ते काढून प्रोसेसर मुक्त होत नाही बाबा, त्याच्या पोटात कारखान्यातून आलेला जुना मायक्रोकोड असतोच, तोही तितकाच बंद. फक्त स्पेक्टरसारख्या, प्रोसेसरच्या सुरक्षेतल्या भोकांवरचे काही उपाय गेले. चिपमधे भाजून आलं तर सोवळं आणि डिस्कवर ठेवलं तर ओवळं, हा हिशोब मला कधीच पटला नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला तो पटतो, त्यांच्या मान्य डिस्ट्रोंच्या यादीत डेबियन नाही, ट्रिस्क्वेल आणि गिक्स आहेत. त्यांच्या बाजूने एवढं मात्र म्हणेन की तिथे काय मिळणार नाही हे आधीच माहीत असतं, मग माणूस वायफाय कार्डच बघून घेतो.

गोटीसोडा

सोर्स मुक्त, सही बंद. आता याला मी कुठल्या गटात घालू? ॲक्सेप्ट-लायसन्समधे सहीसाठी शब्दच नाही. विचार करतो.

अर्धा_कप

आवाज आला. मावशी परत बोलायला लागली माझ्याशी.

प्रेफरन्सेस फाइल काढली नाही पण, ठेवलीय. आता तिच्यात तीन नावं आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हॅश टाकून मराठीत लिहिलंय. 'वायफाय, कंपनी सोर्स देत नाही.' 'आवाज, सोर्स आहे पण चिप सही मागते.' 'प्रोसेसर, काढलं तरी आत जुनं आहेच.' मावशीने वाचून दाखव म्हटलं, दाखवलं, तर म्हणे तिसरं नीट लिही, कळत नाही.

पाटी_पेन्सिल

हे तीन वाक्यांचं लॅबच्या फळ्यावर लिहू का? तिसरं नीट झालं की सांगा.

सौ_कर्सर

मीपण ते स्टेटसवालं चालवलं आत्ता, पाच नावं आली. काही पर्ज केलेलं नाही, आधी इथे टाकते.

काळी_स्क्रीन

टाका.